उत्तर बरोबर, पण कधीचं? ट्रिव्हियाच्या नादी लागणाऱ्यांसाठी

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी गच्चीवर क्विझ असते. पाच-सहा घरं, दोन गट, मध्ये चिवड्याचा डबा. प्रश्न काढायचं काम माझ्याकडे. पहिल्याच वर्षी मी एक प्रश्न ठेवला होता, लोकसंख्येने भारतातला सगळ्यात मोठा जिल्हा कोणता? वहीत उत्तर होतं ठाणे. ठाणेकरांसमोर ज्याचं उत्तर ठाणे आहे असा प्रश्न टाकला की टाळ्या ठरलेल्या, हा माझा हिशेब. टाळ्या पडल्याही. मग तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "अगं, पण हे कधीचं?"

२०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती आणि ती देशात सगळ्यात जास्त होती, इथपर्यंत मी बरोबर होते. पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हार तिकडे गेले, ठाण्याकडे साधारण ऐंशी लाख उरले. त्याच जनगणनेचे आकडे धरले तर पहिला नंबर आता पश्चिम बंगालमधल्या उत्तर २४ परगणा जिल्ह्याचा. माझं उत्तर खोटं नव्हतं, शिळं होतं. ज्या संकेतस्थळावरून मी ते उचललं होतं, त्याने ते तसंच झाकून ठेवलं होतं आणि मी वास न घेताच वाढलं.

त्या दिवसापासून प्रश्न शोधण्याइतकीच उत्तर कुठून आलं हे शोधण्याची चटक लागली. ज्यांना हा खेळ नव्याने सुरू करायचाय त्यांच्यासाठी, जशा पायऱ्या मला चढाव्या लागल्या तशा क्रमाने लिहिते.

आधी नुसतं खेळा

ट्रिव्हिया म्हणजे सामान्यज्ञानाचा पेपर, असं समजून बसू नका. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना याद्या पाठ कराव्याच लागतात, त्यांना इलाज नसतो. आपल्याला कुणी नापास करणार नाहीये. चांगला प्रश्न तो, ज्याचं उत्तर येत नसलं तरी अंदाज बांधता येतो आणि उत्तर कळल्यावर तोंडून "हात्तिच्या!" निघतं.

हा शब्दच बघा ना. लॅटिनमध्ये 'ट्रिव्हियम' म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. चारचौघांच्या येण्याजाण्याची, म्हणून त्यावरून 'सर्वसाधारण, किरकोळ' असा अर्थ आला. कोकणात अशा जागेला तिठा म्हणतात. मी गच्चीवर विचारलं होतं, ठाण्यातल्या कोणत्या ठिकाणाचं नाव म्हणजे ट्रिव्हिया या शब्दाचं जवळजवळ भाषांतर आहे? रोज तिथल्या सिग्नलला गाडी बंद करून बसणाऱ्या गृहस्थांना सुचलं नाही, नववीतल्या मुलीने पटकन सांगितलं: तीन हात नाका.

सुरुवातीला दहा प्रश्न पुरे. चार सगळ्यांना येतील असे, चार अंदाजाचे, दोन डोकं खाजवायला लावणारे. सगळ्यांचे फोन एका टोपात, वर झाकण. तपासणी हा नंतरचा भाग आहे. खेळतानाच दर उत्तराला शंका काढणारा माणूस कुणालाच नको असतो. (काका अपवाद.)

प्रश्नातलं विशेषण पकडा

इथे जरा थांबते, कारण ट्रिव्हियातली निम्मी भांडणं 'पहिला', 'सगळ्यात मोठा' आणि 'एकमेव' या तीन शब्दांवरून होतात.

"भारतातली पहिली रेल्वे बोरीबंदर ते ठाणे" हे वाक्य ठाण्यातल्या मुलाला बाराखडीबरोबर येतं. १६ एप्रिल १८५३, चौदा डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. पण नुसतं 'पहिली रेल्वे' म्हटलंत की चेन्नईचा माणूस हात वर करणार: मद्रासला १८३७ मध्ये रेड हिल्सहून रस्त्याच्या कामाचा दगड वाहणारी रेल्वे होती. रुडकीकडचा म्हणेल, आमच्याकडे सोलानी नदीवरून गंगेचा कालवा नेताना १८५१ मध्येच माती वाहायला वाफेचं इंजिन लावलं होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्ही गाड्या मालाच्या. मग आपण 'भारतातली पहिली प्रवासी रेल्वे' असं लिहायचं. एका शब्दाने तंटा मिटतो.

याच गाडीचा आणखी एक नमुना. ठाण्याला पोचायला तिला किती वेळ लागला? कुणी लिहितं ५७ मिनिटं, कुणी सव्वा तास. दोन्ही आकडे इतक्या ठिकाणी छापलेले आहेत की मोजून बहुमत काढण्यात अर्थ नाही. असा प्रश्न मी विचारतच नाही. त्याऐवजी अंतर विचारते: २१ मैल, म्हणजे ३४ किलोमीटर. त्यावर कुणी वाद घालत नाही. वादाचा तपशील सोडून देणं ही प्रश्नकर्त्याची पळवाट वाटेल, पण गच्चीवर शांतता राहते.

आता खाडीपलीकडे चला. माझी नवी मुंबईतल्या नेरूळची मावसबहीण दर दिवाळीला ऐकवते, "आमचं शहर जगातलं सगळ्यात मोठं नियोजित शहर आहे हो!" इंटरनेटवर हे वाक्य पैशाला पासरी मिळतं. त्यातला एकेक शब्द चिमटीत धरा. मोठं म्हणजे क्षेत्रफळाने की माणसांनी? नियोजित म्हणजे कागदावर आखलेलं, की तसं बांधून पूर्ण झालेलं? आणि मुळात कोणती नवी मुंबई? मार्च १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिच्याकडे ३४४ चौरस किलोमीटरचा पट्टा आणि त्यातली ९५ गावं आली. १९९२ मध्ये आलेल्या नवी मुंबई महापालिकेची हद्द त्याच्या साधारण एक तृतीयांश आहे, आणि पनवेलची २०१६ पासून वेगळी महापालिका. 'जगातलं सगळ्यात मोठं' म्हणणारा माणूस यातल्या कशाबद्दल बोलतोय आणि जगातली यादी कुणी केली, हे सांगणारं पान मला अजून सापडलेलं नाही. म्हणून मी बहिणीला दुसरा प्रश्न दिला: मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून मांडणारे तिघं कोण? चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता. हा प्रश्न जास्त चांगला आहे, कारण यात मिरवता येतं आणि मान खाली घालावी लागत नाही.

पानाची तारीख बघा

काही उत्तरं दुधासारखी असतात, लवकर नासतात. शनीला चंद्र किती, हा तर खास फसवणारा प्रश्न. २०२३ मध्ये १४६ हे उत्तर बरोबर होतं, मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्यांना मान्यता मिळाली आणि आकडा २७४ वर गेला. एव्हरेस्टची शाळेत पाठ केलेली ८,८४८ मीटर उंची डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८,८४८.८६ अशी जाहीर केली. महाराष्ट्राची राज्यचिन्हं म्हणजे शेकरू, हरियाल, ताम्हण आणि आंबा, एवढ्यावर थांबणारी यादी दिसली की समजावं, पान जुनं आहे. २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू झालं, २०२० मध्ये पांढरी चिप्पी हे राज्य कांदळवन वृक्ष, आणि २०२३ मध्ये पापलेट राज्य मासा. पापलेटचा प्रश्न आमच्याकडे भलताच चालला. घरात आठवड्याला दोनदा शिजणाऱ्या माशाला सरकारी मान आहे हे निम्म्या गच्चीला माहीत नव्हतं.

तारीख बघताना एक फसगत होते. पानाच्या अगदी तळाशी हक्क राखीव असल्याचं साल असतं, ते बऱ्याच ठिकाणी दर जानेवारीला आपोआप बदलतं. ती मजकुराची तारीख नव्हे. मजकुरात 'अलीकडेच', 'येत्या वर्षात' असे शब्द असतील आणि तारीख कुठेच नसेल, तर ते पान सोडून द्या. फारच अडलं तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकून तेच पान पूर्वी कसं दिसत होतं ते बघता येतं.

या बाबतीत मराठी विश्वकोशाचं मला कौतुक वाटतं. वाईला तयार झालेल्या या वीस खंडांतला पहिला १९७६ मध्ये आला, लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. आता सगळं ऑनलाइन वाचता येतं. गावांच्या जुन्या नोंदीत लोकसंख्येपुढे कंसात १९७१ असं साल दिलेलं दिसेल. आकडा जुनापुराणा, पण तो कधीचा हे लपवलेलं नाही. शिवाय नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचं नाव असतं. म्हणजे चूक निघालीच तर कुणाच्या नावाने बोटं मोडायची हे तरी कळतं.

विकिपीडिया तळापासून वाचा

विकिपीडियाला नाकं मुरडणारे आणि त्याला वेदवाक्य मानणारे, दोघंही तो वरवर वाचतात. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने २००५ मध्ये विकिपीडिया आणि ब्रिटानिकाचे विज्ञानावरचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते. लेखामागे सरासरी चुका विकिपीडियात चार, ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाने त्यावर जोरदार हरकत घेतली, पण इंग्रजी विकिपीडिया टाकाऊ नाही एवढं तरी त्यातून दिसलं. मराठी विकिपीडियाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे लिहिणारे हात कमी, त्यामुळे एखादा लेख उत्तम असतो आणि शेजारचा दोन ओळींचा.

मी करते ते असं. लेख उघडला की आधी थेट खाली, 'संदर्भ' या भागात जायचं. तो रिकामा असेल तर लेख म्हणजे कुणाच्या तरी आठवणी. संदर्भ असतील तर मला हव्या असलेल्या वाक्यापुढचा आकडा दाबून तो एकच संदर्भ उघडायचा आणि तिथे खरंच ते लिहिलंय का बघायचं. कितीदा तरी आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी निघतो: वाक्य तलावांच्या संख्येबद्दल, संदर्भाची बातमी तलावाच्या सुशोभीकरणाबद्दल, आणि तिच्यात संख्याच नाही. वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण असेल तर ते वाक्य क्विझपुरतं मेलेलं समजावं.

मग 'इतिहास पहा'. मोबाइलवर लेखाच्या तळाशी शेवटचा बदल कधी झाला ते लिहिलेलं असतं, त्यावर टिचकी मारली की सगळे बदल एकाखाली एक उघडतात. एखादा आकडा काल रात्रीच कुणी निनावी माणसाने बदललेला असेल तर आठवडाभर थांबा. 'चर्चा' या पानावर लेख लिहिणाऱ्यांची भांडणं असतात. कधीकधी ती मूळ लेखापेक्षा जास्त रंगतदार असतात, आणि कुठला तपशील डळमळीत आहे ते तिथेच कळतं.

नवख्यांना एक सांगते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी विकिपीडियात एकच उत्तर मिळालं म्हणून तीन साक्षीदार मिळाले असं नाही. बऱ्याचदा एकाचंच भाषांतर बाकी दोघांत असतं.

उगमापर्यंत चालत जा

लहानपणी आपण कानगोष्टी खेळायचो. इंटरनेटवर तोच खेळ चालतो, फक्त इथे शेवटचा मुलगा पहिल्याच्या कानात परत सांगतो आणि पहिला म्हणतो, "बघा, मी म्हणत नव्हतो!"

२००८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून कोआटी नावाच्या प्राण्याच्या विकिपीडिया लेखात घुसवून दिलं की याला 'ब्राझिलियन आर्डवार्क' असंही म्हणतात. आर्डवार्क आफ्रिकेतला, कोआटी अमेरिकेतला रॅकूनचा भाऊबंद, दोघांचा संबंध नाही. पण हे नाव काही वर्षांत ब्रिटिश वर्तमानपत्रांत उतरलं, एका विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलेल्या पुस्तकातही गेलं. मग विकिपीडियातल्या त्या वाक्याला संदर्भ म्हणून यातलंच छापील लिखाण जोडलं गेलं. खोट्याला छापील पुरावा मिळाला, आणि तो पुरावा त्या खोट्यातूनच जन्मलेला.

म्हणून 'दहा ठिकाणी वाचलं' याला किंमत नाही. दहांपैकी सगळ्यात जुनं कोणतं, आणि त्याने कुठून घेतलं, हे बघायचं. शोधताना वाक्य अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे शब्दशः उतरवलेली पानं एकदम समोर येतात. दहाही पानांवर शुद्धलेखनाची तीच चूक असेल तर कोणी कोणाचं उतरवलं हे वेगळं सांगायला नको.

छापील पुस्तकवालेही काही कमी नसतात. अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने आपल्या ट्रिव्हिया कोशात मुद्दाम एक खोटं उत्तर पेरलं होतं: टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव फिलिप. कुणी चोरी केली तर पकडता यावी म्हणून. 'ट्रिव्हियल पर्स्यूट' या खेळात नेमकं तेच उत्तर आलं. वर्थने १९८४ मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा लावला आणि हरला. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं की तथ्यांवर कुणाची मालकी नसते, ती पुस्तकातून गोळा करून खेळ बनवणं म्हणजे नक्कल नव्हे. आपल्या वहीत असे किती फिलिप बसले असतील, हा विचार मात्र माझी झोप उडवतो.

फॉरवर्ड, फोटो आणि यंत्र

इथे फार वेळ घालवत नाही. 'युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं' हा निरोप तुम्हालाही आलाच असेल. तो खोटा आहे, युनेस्को असली स्पर्धा घेत नाही. 'हॉकी आपला राष्ट्रीय खेळ' हेही तसंच. कोणताही खेळ असा घोषित केलेला नाही, असं केंद्र सरकारनेच २०१२ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात सांगितलंय. आमच्या पिढीने ते शाळेच्या गाइडमध्ये पाठ केलं होतं, त्यामुळे अजून जीव मानत नाही.

फोटोचा प्रश्न काढायचा तर तो आधी गुगल लेन्समध्ये टाकून कुठे कुठे दिसतो ते बघा. ऐरोलीच्या खाडीतले म्हणून फिरणारे फ्लेमिंगो कुठल्या दुसऱ्याच देशाच्या तळ्यातले असू शकतात.

शोधल्यावर सगळ्यात वर यंत्राने लिहिलेलं उत्तर येतं, किंवा हल्ली मुलं थेट चॅटबॉटला विचारतात. प्रश्न सुचवायला तो बरा आहे. उत्तरासाठी मात्र त्याच्याकडून दुवा मागा आणि उघडून बघा. चूक असतानाही त्याचा आवाज चढत नाही की अडखळत नाही, हीच पंचाईत. एकदा त्याने मला ठाण्याच्या इतिहासावरचं एक पुस्तक प्रकाशनवर्षासकट सांगितलं. तसं पुस्तकच नव्हतं.

मूळ कागद कुठे असतो

आकड्यांसाठी जनगणनेचं संकेतस्थळ. सरकारने काय घोषित केलं हे बघायला शासन निर्णय, ते महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात. जुन्या गावगाड्यासाठी १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, तेही ऑनलाइन आहे. शब्दाचा जुना अर्थ हवा तर मोल्सवर्थचा कोश, त्याची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाने शोधता येईल अशी ठेवलीय. आणि आपलं घरचं म्हणजे ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, स्थापना १८९३. जे ऑनलाइन कुठेच सापडत नाही त्यासाठी तिथे जायचं आणि समोरच्या माणसाला नम्रपणे विचारायचं. शोधखिडकीला न कळलेला प्रश्न त्यांना कळतो.

अशा शोधात भलतंच काहीतरी हाती लागतं आणि तीच खरी मजा. ठाण्याचा तुरुंग म्हणजे मूळचा पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. मी त्याची तारीख तपासायला गेले आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यापाशी अडकले. इंग्रजांनी त्यांना इथे कैदेत ठेवलं होतं, पहाऱ्याला मुद्दाम गोरे शिपाई. खिडकीखाली एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार घोडा फिरवताना गाणी म्हणायचा. त्या गाण्यांतच पळायचा बेत गुंफलेला होता आणि पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले.

गोष्ट झकास आहे. पण सवयीने मागे गेले. गाण्याची हकीकत कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर याच्या प्रवासवर्णनात आहे, आणि हेबर मुंबईकडे आला १८२५ मध्ये. म्हणजे नऊ वर्षांनंतर ऐकलेली गोष्ट. निसटले हे पक्कं, गाण्याचा भाग ऐकीव. तेव्हा प्रश्न केला, 'त्रिंबकजी डेंगळे ज्या किल्ल्यातून निसटले तिथे आज काय आहे?' आणि गाण्याची गोष्ट उत्तरानंतर, 'म्हणतात की' असं म्हणून सांगितली. तुरुंगाच्या भिंतीजवळून रोज शाळेत जाणारी दोन मुलं त्या रात्री उशिरापर्यंत घरी गेली नाहीत.

वही

साधी दोनशे पानी वही घ्या. प्रश्न, उत्तर, कुठे मिळालं, आणि मी ते कधी पाहिलं, असे चार रकाने. चौथा रकाना सगळे टाळतात, आणि पालघरसारखे जिल्हे नेमके तिथूनच निसटतात. मूळ कागद पाहिलेलं उत्तर शाईने, बाकी पेन्सिलने. पेन्सिलीतला प्रश्न विचारायला हरकत नाही, फक्त त्यावर गुण ठेवू नका. वर्षाने तोच प्रश्न पुन्हा काढायचा असेल तर चौथा रकाना बघून एकदा ताजा करून घ्या.

खेळताना हरकतीचा नियम आधी सांगून टाका. हरकत घेणाऱ्याने टोपातून फोन काढून पान दाखवायचं. फॉरवर्ड चालणार नाही, यंत्राचं उत्तर चालणार नाही, पानावर तारीख हवी. हरकत मान्य झाली तर त्याच्या गटाला गुण आणि वहीत दुरुस्ती, त्याच्याच हस्ताक्षरात. आमच्याकडे हरकतीला दोन मिनिटं मिळतात. काकांना पाच, कारण त्यांना चष्मा आणायला खाली जावं लागतं.